स्वस्त सँडर, महाग हवा : घरच्या घरी गाडीची बॉडी घासण्यासाठी यंत्र निवडताना

तंजावर : जुनी ॲम्बेसेडर, वडिलांची बुलेट किंवा दारातच खरचटलेली स्वतःची मोटार आपल्या हातांनी पूर्ववत करावी, असे वाटणाऱ्या हौशी मंडळींच्या खरेदीच्या यादीत हवेवर चालणारा सँडर बहुधा पहिल्या काही वस्तूंत असतो. किंमत आवाक्यातली, वजन हलके आणि गॅरेजमधील कारागिराच्या हातात तो लीलया फिरताना पाहिलेला. मात्र घरी आणल्यावर हाच सँडर अर्ध्या मिनिटात मंदावतो आणि दोष यंत्राच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात पैसे चुकतात ते यंत्रावर नव्हे, तर त्याला लागणाऱ्या हवेच्या हिशेबात. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशासारख्या दमट मुलखात या हिशेबात आणखी एक रकाना वाढतो, तो पाण्याचा.

महाराष्ट्रात ज्याला 'डेंटिंग-पेंटिंग' म्हणतात, त्या कामाला तमिळनाडूत 'टिंकरिंग' म्हणतात, आणि आपल्याकडील रंगारी जिला लांबी किंवा पुट्टी म्हणतो, तिला इथे 'पट्टी' हा शब्द आहे. मराठी कानाला तो जखमेवरच्या पट्टीसारखा ऐकू येतो, आणि अर्थही फारसा दूर जात नाही. काम मात्र दोन्हीकडे तेच. पत्र्याचा पोचा काढायचा, उरलेला खळगा पुट्टीने भरायचा, ती घासून मूळ वळणाशी एकजीव करायची, त्यावर प्रायमर, पुन्हा घासणे आणि मग रंग. रंगाची फवारणी काही मिनिटांत होते. घासणे तासन्‌तास चालते. म्हणूनच हौशी माणसाचे लक्ष सँडरकडे जाते, आणि ते जाणे योग्यच आहे.

घासण्याचे तत्त्व या शहराला नवे नाही. भोसले राजांच्या काळात बहरलेल्या तंजावर चित्रशैलीत फणसाच्या फळीवर कापड चिकटवतात, त्यावर खडूची भुकटी व डिंक यांचा थर देतात आणि तो घासून गुळगुळीत केल्यावरच सोन्याचा वर्ख व रंग चढतो. खालचा थर सपाट नसेल तर वरची झळाळी तो दोष झाकत नाही, उलट उघडा पाडते. मोटारीच्या दारावरील चकचकीत क्लिअरकोटचेही तसेच आहे.

कारखान्यात धावणारा, घरी दमणारा

तंजावरहून पश्चिमेला तिरुचिरापल्लीच्या पुढे गेले की करूर लागते. बसच्या बॉडी बांधणारे हे नावाजलेले केंद्र. त्याच्या उत्तरेला नामक्कल, जिथे ट्रकच्या बॉडी तयार होतात. अशा कारखान्यांत मोठे कॉम्प्रेसर, भिंतीलगत फिरणारी हवेची नळवाट आणि जागोजागी जोडण्या असतात. तिथे सँडर दिवसभर सलग चालतो. हौशी माणूस तेच यंत्र घरी आणतो आणि टायरमध्ये हवा भरायला किंवा खिळे मारण्याच्या बंदुकीला पुरणाऱ्या छोट्या कॉम्प्रेसरला जोडतो. इथेच गणित फसते.

हवेच्या हत्यारांपैकी सँडर हा सर्वांत खादाड प्रकारांत मोडतो. नट सोडवणारी इम्पॅक्ट गन काही सेकंद चालते आणि थांबते. सँडर बटण दाबले की मिनिटामागून मिनिटे चालवावा लागतो. १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंची चकतीचा सर्वसाधारण सँडर सलग चालवल्यास मिनिटाला सुमारे १२ ते १६ घनफूट हवा मागतो. बाजारात हे माप 'सीएफएम' या नावाने ओळखले जाते. गंमत अशी की अनेक खोक्यांवर मोठ्या अक्षरांत '४ सीएफएम' असे छापलेले असते. तो आकडा खोटा नसतो, पण तो 'सरासरी' वापराचा असतो. म्हणजे यंत्र मिनिटातून साधारण १५ सेकंदच चालणार, असे गृहीत धरलेला. पुट्टी घासणारा कोणताही माणूस १५ सेकंद घासून ४५ सेकंद स्वस्थ बसत नाही.

आता कॉम्प्रेसरकडे पाहू. ढोबळ मानाने एका अश्वशक्तीमागे कामाच्या दाबाला तीन ते चार सीएफएम हवा मिळते. पत्रकावर याहून मोठा आकडा दिसला तर तो बहुधा पिस्टनच्या विस्थापनाचा असतो, म्हणजे सिलिंडर किती हवा आत ओढतो त्याचा. बाहेर पडणारी हवा, जिला व्यवहारात 'फ्री एअर डिलिव्हरी' किंवा 'एफएडी' म्हणतात, ती त्याहून पाव ते एक तृतीयांश कमी भरते. दुकानदाराला विचारायचा आकडा हाच, आणि तोही कोणत्या दाबाला मोजला आहे हे विचारून.

उदाहरण घेऊ. दोन अश्वशक्तीचा, ५० लिटर टाकीचा, प्रत्यक्ष ६ सीएफएम हवा देणारा कॉम्प्रेसर आहे. टाकी ८ बारपर्यंत भरलेली आहे आणि सँडरला ६ बारच्या आसपास दाब हवा आहे. टाकीचा दाब ८ वरून ६ बारवर येईपर्यंत तिच्यातून सुमारे १०० लिटर मोकळी हवा मिळते. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. सँडर मिनिटाला १४ घनफूट खातो, कॉम्प्रेसर ६ घनफूट भरतो. ८ घनफुटांची, म्हणजे सुमारे २२६ लिटरची तूट मिनिटागणिक टाकीतून जाते. शंभर लिटरची शिल्लक २६-२७ सेकंदांत संपते. नंतर हात थांबवला तर टाकी पुन्हा ८ बारला यायला साधारण ३५ सेकंद लागतात. थोडक्यात, निम्म्याहून कमी वेळ काम आणि उरलेला वेळ वाट पाहणे. मोठी टाकी घेतली तर पहिला टप्पा लांबतो, पण भरण्याचा वेळही त्याच प्रमाणात लांबतो. टाकी हवा साठवते, निर्माण करत नाही.

शिवाय छोटे पिस्टन कॉम्प्रेसर अखंड चालण्यासाठी बनवलेले नसतात. सँडरच्या मागे धावताना त्यांना विसावा मिळत नाही, डोके तापते, आणि तापलेली हवा अधिक बाष्प पुढे ढकलते. सलग कामासाठी चार-पाच अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर हवा; तो बहुधा त्रिफेज विजेवर चालतो, आणि घरच्या जोडणीवर ती सोय क्वचितच असते. त्यामुळे सँडरची किंमत काही हजार रुपये असली तरी त्याला पुरेशी हवा देणाऱ्या व्यवस्थेची किंमत कित्येक पटींनी अधिक होते. कॉम्प्रेसर आधीच घरात असेल, किंवा रंगाच्या गनसाठी तो घ्यायचाच असेल, तर हवेचा सँडर हा पर्याय विचारात घ्यावा. केवळ सँडरसाठी कॉम्प्रेसर घेणे हा स्वस्त मार्ग नव्हे.

नळीचाही यात वाटा आहे. सहा मिलिमीटर आतल्या व्यासाची गुंडाळीची नळी टायरसाठी ठीक. सँडरसाठी आतून १० मिलिमीटरची नळी हवी आणि झटपट जोडण्याही तेवढ्याच मोकळ्या हव्यात. बहुतेक सँडरना ९० पीएसआय, म्हणजे सुमारे ६.२ बार दाब लागतो, पण तो यंत्राच्या तोंडाशी आणि बटण दाबलेले असताना. कॉम्प्रेसरवरील काटा ९० दाखवतो तेव्हा दहा मीटर बारीक नळीच्या टोकाला बराच कमी दाब उरलेला असतो. मुठीजवळ बसणारा छोटा दाबमापक ही या साऱ्या खरेदीतील सर्वांत कमी खर्चाची आणि बहुधा सर्वांत उपयोगी वस्तू ठरते.

एका बाबतीत मात्र काटकसर नकोच. घरातील पाण्यासाठी वापरली जाणारी पीव्हीसी नळी दाबाखालच्या हवेसाठी वापरू नये. पाण्याच्या दाबाने ती फुटली तर गळते. हवेच्या दाबाने फुटली तर तिचे तीक्ष्ण तुकडे उडतात.

ईशान्य मोसमी वारे आणि टाकीतले पाणी

महाराष्ट्रात पावसाळा जूनपासून; तंजावरचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. जिल्ह्याला अदिरामपट्टिनमच्या बाजूला पाल्क सामुद्रधुनीचा किनारा आहे, आत कालव्यांचे जाळे आणि भातशेतीत उभे पाणी. हवेतील ओलावा इथे नित्याचा. कोकणातील वाचकाला पुढची अडचण ओळखीची वाटेल, फक्त महिने निराळे.

हवा दाबली की तिच्यातील बाष्प मावेनासे होते. तापमान ३० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के धरली तर एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी बाष्परूपाने असते. मिनिटाला ६ घनफूट देणारा कॉम्प्रेसर तासाला सुमारे १० घनमीटर हवा ओढतो, म्हणजे जवळपास २४० ग्रॅम पाणी. ८ बारला दाबलेली हवा पुन्हा ३० अंशांवर आली की त्यातील बहुतांश पाणी द्रवरूप होते. अखंड चाललेल्या एका तासात सुमारे २०० मिलिलिटर, म्हणजे एक पेलाभर पाणी. ते टाकीत, नळीत किंवा सँडरच्या पोटात, कुठे तरी साचणारच.

सँडरच्या आत एक दंडगोल आणि त्यात फिरणारा रोटर असतो. रोटरच्या खाचांतून पातळ पाती सरकतात आणि हवा त्यांना रेटत फिरवते. ओली हवा इथले वंगण धुऊन नेते, दंडगोलाला गंज चढतो, पाती अडकतात. स्वस्त सँडर वर्षभरात 'बसतो' तो बऱ्याचदा यामुळे. कामापूर्वी हवेच्या तोंडात हवायंत्राच्या तेलाचे दोन-तीन थेंब आणि काम संपल्यावर पुन्हा तेवढेच, एवढ्या शिस्तीने त्याचे आयुष्य लक्षणीय वाढते.

पाणी गाळणारा फिल्टर अनेकजण कॉम्प्रेसरला चिकटूनच बसवतात. तिथे हवा अजून गरम असते, बाष्प द्रव झालेले नसते आणि ते फिल्टरमधून सहज निसटते. सात-आठ मीटर धातूची नळी भिंतीलगत फिरवून हवा निवू द्यावी आणि मग फिल्टर लावावा. नळीला किंचित उतार आणि तळाशी पाणी सोडण्याचा कॉक असावा. टाकीच्या बुडाचा कॉक तर प्रत्येक कामानंतर उघडायलाच हवा. आतून गंजलेली दाबाची टाकी ही केवळ गळतीची बाब राहत नाही. सुरक्षा झडप अधूनमधून हाताने ओढून पाहावी.

तेल आणि रंग यांचे मात्र वैर आहे. सँडरसाठी तेल घातलेली नळी पुढे रंगाच्या गनला जोडली तर ताज्या रंगावर माशाच्या डोळ्यासारखे खळगे उमटतात. गनची नळी वेगळी ठेवावी आणि तिच्यावर खूण करावी.

दमट ऋतूत आणखी एक सवय सोडावी लागते. पुट्टी पाणी लावून घासली की धूळ उडत नाही, म्हणून अनेक ठिकाणी तसे करतात. पण पॉलिएस्टर पुट्टी सच्छिद्र असते, ती पाणी शोषते. ते पाणी प्रायमरखाली अडकले तर काही महिन्यांनी रंगाला फोड येतात आणि पत्रा आतून गंजतो. पुट्टी कोरडी घासावी. पाणी लावायचे ते प्रायमर पक्का झाल्यावर किंवा क्लिअरकोटवर.

यंत्राच्या दुकानात काय पाहावे

दुकानात सँडर नावाने चार निरनिराळी यंत्रे दाखवली जातात. लांब पट्टीचा, पुढेमागे सरकणारा सँडर मोठ्या सपाट भागांसाठी, म्हणजे बॉनेट, छत, बसच्या बाजू यांसाठी असतो. केवळ गोल फिरणारी चकती रंग व गंज खरवडण्यासाठी. नवख्या हातात ती पत्रा तापवून वाकवते. चौकोनी पॅडचा कंप पावणारा सँडर संथ, पण सौम्य. हौशी कामासाठी बहुतेकांना हवा असतो तो चौथा, ज्याला कारागीर 'डीए' म्हणतात. त्याची चकती स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी केंद्रापासून किंचित ढळून गरगरते. दोन गती मिसळल्यामुळे एकाच रेषेत ओरखडे पडत नाहीत.

केंद्रापासून ढळण्याच्या या मापाला 'ऑर्बिट' म्हणतात आणि किमतीपेक्षाही आधी विचारायचा आकडा हाच आहे. अडीच मिलिमीटर ऑर्बिटचा सँडर शेवटच्या बारीक कामासाठी, दहा मिलिमीटरचा भराभर खरवडण्यासाठी. एकच घ्यायचा असेल तर पाच मिलिमीटर. तो पुट्टीलाही चालतो आणि प्रायमरलाही. दोन्हींत सर्वोत्तम नसला तरी कुठेही पार कमी पडत नाही. विनाभार वेग बहुतेकांचा मिनिटाला १० ते १२ हजार फेरे असतो, त्यामुळे वेगाच्या आकड्यांची तुलना करून फारसे हाती लागत नाही. वेग कमी-जास्त करण्याची कळ आहे का आणि ती अंगठ्याने सहज फिरते का, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

चकतीचा आकार कामावरून ठरतो. मोटारीचे दार व बॉनेट यांसाठी सहा इंची ठीक. पण घरात मद्रासच्या कारखान्यातली जुनी बुलेट असेल आणि तिची पेट्रोलची टाकी रंगवायची असेल, तर सहा इंची चकती त्या गोलाईवर सपाट चट्टे पाडते. तिथे तीन इंची सँडर किंवा, खरे सांगायचे तर, मऊ रबरी ठोकळ्यावर गुंडाळलेला कागद आणि हात हेच बरे. चकती अर्धी म्हणजे हवाही अर्धी, असे मात्र समजू नये.

स्वस्त आणि महाग सँडरमधील खरा फरक हाताला कळतो. ढळत्या गतीमुळे निर्माण होणारा असमतोल आतील प्रतिभाराने सावरलेला असतो, आणि तो प्रतिभार ठरावीक वजनाच्या पॅडसाठी बेतलेला असतो. हलक्या प्रतीच्या यंत्रात हे जुळलेले नसते; दहा मिनिटांत बोटांना मुंग्या येतात. युरोपीय संघाच्या २००२ सालच्या निर्देशानुसार आठ तासांच्या कामात हाताला होणारे कंपन सरासरी २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या पातळीला पोहोचले की मालकाने उपाय योजायचे असतात आणि ५ ही कमाल मर्यादा आहे. पत्रकावर कंपनाचा आकडा छापलेला असणे ही उत्पादकाच्या गांभीर्याची एक खूण मानता येईल. आकडा नसेल तर दुकानातच यंत्र हवेला जोडून, चकती पत्र्याच्या तुकड्यावर टेकवून मिनिटभर चालवून पाहावे. पुढे पॅड बदलताना दुसऱ्याच वजनाचा बसवला, तर चांगल्या यंत्राचाही समतोल बिघडतो.

उरलेल्या गोष्टी झटपट तपासता येतात. पॅड वेल्क्रोचा असावा, चिकट पाठीचा नव्हे. पॅडवरील छिद्रांची मांडणी, म्हणजे सहा, आठ की पंधरा छिद्रे, आपल्या गावात मिळणाऱ्या कागदाशी जुळणारी असावी. न जुळणारा कागद लावला की धूळ ओढण्याची सोय असून नसल्यासारखी. पॅड बसवण्याचा आटा प्रचलित ५/१६ इंची, २४ आट्यांचा आहे का, हे पाहावे. आणि पाती, बेअरिंग व पॅड सुटे मिळतात का, हा प्रश्न विचारताना दुकानदाराचा चेहरा पाहावा.

कागद, कडा आणि पाऊण मिलिमीटर पत्रा

आजच्या मोटारीचा बाहेरचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाड असतो. त्यावरील कारखान्यातल्या रंगाचे सर्व थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा. वरचा क्लिअरकोट ४०-५० मायक्रॉन. म्हणजे चकाकीचा संपूर्ण थर एका केसाहूनही पातळ. सँडर जरासा तिरपा धरला की चकतीची कड हा थर काही सेकंदांत पार करते. दाराच्या उभार रेषा आणि कडा यांवर रंग आधीच पातळ असतो; तिथे चिकटपट्टी लावून यंत्र दूर ठेवावे आणि कडा शेवटी हाताने घासाव्यात.

पॉलिश पेपरच्या क्रमांकांचा क्रम सोपा आहे, मात्र त्यात उड्या मारता येत नाहीत. पुट्टीला आकार देण्यासाठी पी-८०, मग १२० किंवा १८०, मग २४० ते ३२०. प्रायमरवर ४०० आणि रंगापूर्वी ५०० ते ६००. ८० वरून थेट ३२० वर गेले की खोल ओरखडे तसेच राहतात आणि रंग सुकल्यावर महिनाभराने वर येतात. पुट्टी तीन मिलिमीटरहून जाड भरावी लागत असेल तर पोचा अजून नीट निघालेला नाही, असे समजावे. आणि पुट्टीचा पहिला आकार सँडरने नव्हे, लांब ठोकळ्याने द्यावा. सँडरची चकती खळग्याच्या मागोमाग खाली उतरते. लांब ठोकळा उंचवटाच कापतो. दार उन्हात धरल्यावर दिसणाऱ्या लाटा बहुधा यंत्राच्या घाईतून आलेल्या असतात.

धूळ कोणाच्या छातीत जाते

हौशी कामाच्या चर्चेत सर्वांत कमी बोलले जाते ते याविषयी. पुट्टीच्या धुळीत शंखजिऱ्याची पूड आणि पॉलिएस्टर राळेचे कण असतात. जुन्या गाड्यांच्या रंगात शिसे आणि प्रायमरमध्ये क्रोमेट असू शकते. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशावर भारतात २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएमची मर्यादा घातली आणि ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. मोटारींचे व औद्योगिक रंग त्या नियमांच्या कक्षेत येत नाहीत. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित असल्याचे ज्ञात नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. घासणाऱ्याच्या कपड्यांवरून ही धूळ घरात आणि ज्या अंगणात सकाळी कोलम काढला जातो, मुले खेळतात, तिथवर पोहोचते.

धुळीची कोणतीही सोय नसलेला सँडर सर्वांत स्वस्त असतो आणि तो स्वतःच्याच बाहेर पडणाऱ्या हवेने धूळ चौफेर उडवतो. त्यावरच्या पायरीवरील यंत्र चकतीच्या छिद्रांतून धूळ ओढून पिशवीत भरते. पिशवीतून बारीक कण निसटतात, तरी फरक मोठा असतो. नळी कारखानी व्हॅक्यूमला जोडता येणारा सँडर सर्वांत चांगला. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याची राष्ट्रीय संस्था, निओश, वाहन-बॉडी दुरुस्तीच्या जागी अशाच धूळशोषक सँडरची शिफारस करत आली आहे. खर्चात कुठे तरी थोडी वाढ करायचीच असेल, तर ती इथे करावी. शिशाचा संशय असलेला जुना रंग मात्र यंत्राने कोरडा घासूच नये. पाणी लावून हाताने घासावा, चिखल कागदात पुसून गोळा करावा.

नाकातोंडाला बांधलेला रुमाल बारीक धुळीला अडवत नाही. भारतीय मानक आयएस ९४७३ नुसार बनवलेला किंवा एन-९५ दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मुखवटा हवा. दाढीवर तो बसत नाही. हाच मुखवटा रंग फवारताना मात्र निरुपयोगी ठरतो. दोन घटक मिसळून वापरायच्या पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांच्यामुळे दमा जडू शकतो आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की अगदी अल्प मात्राही त्रास देते. त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. ती व्यवस्था नसेल तर घासण्यापर्यंतचे काम घरी करून फवारणी रंगाच्या बूथमध्ये करून घेणे शहाणपणाचे. अर्धवट सुकलेला असा रंग घासण्याची घाईही करू नये. आणि अंगावरची धूळ हवेच्या नळीने झटकण्याची सवय तर मुळीच नको.

वीज, हवा की हात

दाबलेल्या हवेच्या मार्गाने विजेतील जेमतेम १० ते १५ टक्के ऊर्जा हत्याराच्या टोकाशी कामी येते. ३०० वॉटच्या आसपासचा विजेवरचा सँडर जे काम करतो, त्यासाठी हवेच्या सँडरमागे दोन किलोवॉटहून अधिक शक्तीचा कॉम्प्रेसर धापा टाकत असतो. विजेचा सँडर जड असतो, उंच असतो, त्याची मोटर धुळीने खराब होऊ शकते आणि पाण्याच्या कामात तो वापरता येत नाही; विजेच्या जोडणीवर ३० मिलिॲम्पिअरचे गळतीरोधक यंत्र असणे आवश्यक. हवेचा सँडर हलका, अडकला तरी न जळणारा, ओल्या कामातही विजेच्या झटक्याची भीती नसलेला. दिवसभर तेच काम करणाऱ्या कारागिराला म्हणूनच तो प्रिय आहे. वर्षातून दोन-तीन दारे घासणाऱ्याला, घरी तीन अश्वशक्तीहून लहान कॉम्प्रेसर असताना, व्हॅक्यूमला जोडता येणारा विजेचा सँडर आणि एक लांब ठोकळा यांची जोडी अधिक स्वस्त व अधिक समाधान देणारी ठरते. ज्यांच्याकडे मोठा कॉम्प्रेसर आहे त्यांनी पाच मिलिमीटर ऑर्बिटचा, धूळशोषक, सुटे भाग मिळणारा सहा इंची डीए घ्यावा आणि बचत ब्रँडच्या नावात करावी, कागदात नव्हे. निकृष्ट कागद उत्तम यंत्रालाही बोथट करतो.

शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतील मर्यादा आहे. सँडर आणि पिस्टन कॉम्प्रेसर मिळून ती सहज ओलांडतात. कॉम्प्रेसर घराच्या आतल्या बाजूला, रबरी पायांवर ठेवावा, पण बंद खोलीत कोंडू नये, कारण त्यालाही थंड हवा लागते. कानांत बोळे घालावेत.

काम रंगापर्यंत पोहोचले की कागदपत्रांचा विषय येतो. वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रात रंगाची नोंद असते. मूळ रंग बदलायचा असेल तर परिवहन कार्यालयात ती नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते. साठच्या दशकात मद्रासमध्ये बनलेली स्टँडर्ड हेरल्ड किंवा तेवढीच जुनी दुचाकी हाताशी असेल, तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळू शकते. त्यासाठी चासिस, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा, अशी अट आहे. म्हणून अशा गाडीचा कुजलेला पत्रा कापण्याआधी प्रत्येक भागाची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि पुट्टीखाली गेलेल्या दुरुस्तीची नोंद तारखेसह लिहून ठेवावी.